जर्मन कानात उतरवताना: बी१ पातळीवर व्हिडिओ, मालिका आणि गाणी कशी वापरायची

जर्मनची ए२ची, म्हणजे बी१च्या अलीकडच्या पातळीची परीक्षा झालेली असते. वर्गात बाई बोलतात ते सगळं कळतं, पुस्तकासोबतचे ऑडिओही कळतात. मग एक दिवस हौसेनं जर्मन मालिका लावावी, तर दोन मिनिटांत वाटतं की ही कुठली तरी वेगळीच भाषा आहे.

माझं हे झालं तेव्हा एकच वाक्य मी पंधरा वेळा मागे नेऊन ऐकलं होतं. दारात उभी असलेली बाई मैत्रिणीला काहीतरी विचारते. मला ऐकू येत होतं ‘हास्मानेमिनूटे’. असा शब्द कोशात नव्हता. सबटायटल लावल्यावर दिसलं: ‘हास्ट डू माल आइने मिनूटे?’ पाचही शब्द मला पहिल्या काही महिन्यांपासून येत होते. ‘मिनिटभर वेळ आहे का गं जरा?’ एवढंच ती विचारत होती.

म्हणजे या पातळीवर घोडं शब्दसंग्रहापेक्षा कानापाशी जास्त अडतं. दुसरी अडचण आपण स्वतः तयार करतो: जर्मन ऐकून आधी इंग्रजीत नेतो आणि मग समजून घेतो. मराठी माणसाला ही मधली फेरी मारायची काहीच गरज नाही. जर्मनमधल्या कितीतरी गोष्टी थेट मराठीत जास्त चोख बसतात. खालची सगळी पद्धत या दोन गोष्टींवर उभी आहे.

आधी गिळलेले शब्द ओळखा

आपणही ‘काय करत आहेस’ असं कुठे म्हणतो? ‘काय करतोयस’ म्हणतो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला ते पहिल्यांदा ऐकताना जे होतं, तेच आपलं जर्मन ऐकताना होतं. फरक इतकाच की जर्मनमध्ये ही मोडतोड बरीच नियमानं चालते. थोडे नियम कळले की निम्मा गोंधळ संपतो.

‘हाबे’चं ‘हाब’ होतं. ‘इस्ट’चा ट जातो, ‘इस’ राहतं. ‘निश्ट’चं ‘निश’. ‘आइने’चं नुसतं ‘ने’ आणि ‘आइन’चं नुसतं ‘न’. ‘झो आइन’ म्हणजे ‘असा एक’, त्याचं ‘झोन’. ‘हास्ट डू’चं ‘हास्टे’. ‘हाबेन विअर’चं ‘हाम विअर’. आणि सगळ्यात जास्त फसवणारा म्हणजे शेवटचा ‘एन’: ‘हाबेन’ ऐकू येतं ‘हाब्म’, ‘गेबेन’ ऐकू येतं ‘गेब्म’. ओठ मिटतात आणि ‘न’चा ‘म’ होतो.

ही यादी एका कागदावर लिहून लॅपटॉपशेजारी चिकटवा. पहिले तीन-चार दिवस कोणताही व्हिडिओ लावा आणि अर्थाच्या मागे न लागता फक्त हे तुकडे पकडा. ‘निश’ ऐकलं की एक रेघ, ‘ने’ ऐकलं की एक रेघ. पाच मिनिटांच्या गप्पांमध्ये कागद रेघांनी भरतो. हे काम पोरकट वाटेल, पण माझ्या अनुभवात कान उघडतो तो इथेच.

इंग्रजी सबटायटल बंद करा, आणि का ते समजून घ्या

एक वाक्य जवळून बघू: ‘इश हाब दिअर डॉख गेझाक्ट, दास इश हॉयटे श्पेटर कॉमे.’ इंग्रजी सबटायटल याचा एवढाच अर्थ देतं की मी तुला आज उशिरा येईन असं सांगितलं. मराठीत म्हणून बघा: ‘मी तुला सांगितलं होतं ना, आज उशिरा येईन म्हणून!’

त्या ‘ना’मध्ये जो वैताग आहे, तोच ‘डॉख’मध्ये आहे. इंग्रजी ओळीत तो गळून गेला.

जर्मन बोलणं अशा छोट्या शब्दांनी भरलेलं असतं: डॉख, माल, या, हाल्ट, एबन, शोन. वर्गात यांच्यावर फारसा वेळ जात नाही आणि इंग्रजीत त्यांना धड जागा नाही. मराठीत मात्र त्यांचे सख्खे भाऊ आहेत. ‘कॉम डॉख’ म्हणजे ‘ये ना’. ‘वार्टे माल’ म्हणजे ‘थांब जरा’. ‘दास वाइस्ट डू या’ म्हणजे ‘तुला माहीतच आहे की’. ‘दास इस हाल्ट झो’ म्हणजे ‘ते असंच असतं, काय करणार’. आणि एकट्या ‘डॉख’ची गंमत बघा. कुणी विचारलं, ‘तू जेवला नाहीस?’ आणि तुम्ही जेवला असाल, तर जर्मनमध्ये ‘या’ म्हणता येत नाही, ‘डॉख!’ म्हणावं लागतं. आपण काय म्हणतो? ‘जेवलो की!’ तो ‘की’ म्हणजेच ‘डॉख’.

दुसरी गोष्ट ‘डू’ आणि ‘झी’ची. मालिकेत दोन माणसं चार भाग एकमेकांना ‘झी’ म्हणत असतात आणि एका संध्याकाळी त्यातला एक जण म्हणतो, आता ‘डू’ म्हणू या. तुम्ही-वरून तू-वर येणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजी ओळीत दोन्हीकडे एकच शब्द असतो, त्यामुळे तो प्रसंगच हातातून निसटतो.

तिसरी गोष्ट क्रियापदाची. जोडणारा ‘दास’ (की), ‘वाइल’ (कारण), ‘वेन’ (जर, जेव्हा) आले की जर्मन वाक्याचं क्रियापद शेवटी जातं. इंग्रजीच्या सवयीनं ऐकणारा मध्येच क्रियापद शोधत बसतो. मराठीत ते शेवटीच येतं, त्यामुळे वाट पाहण्याची सवय आपल्या कानाला जन्मापासून आहे. ती वापरा.

तेव्हा नियम सरळ आहे: सबटायटल जर्मन, अर्थ मराठी. डोक्यात इंग्रजी आलंच तर त्याला हाकलायला वेळ लागतो, साधारण महिना धरा.

काय बघायचं

निवडीची माझी कसोटी सोपी आहे. जर्मन सबटायटल लावून दोन मिनिटं बघा. कोण, कुठे, काय चाललंय हे कळलं आणि मिनिटाला चार-पाच शब्दच अडले, तर ते तुमचं. सबटायटल असूनही गोष्टच कळेना, तर सहा महिन्यांनी त्याच्याकडे या.

डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचं साहित्य फुकट आहे आणि सुरुवात तिथूनच करावी. ‘निकोस वेक’ ही ए१ ते बी१ अशी तीन भागांची कथा आहे. स्पेनहून आलेल्या निकोची बॅग जर्मनीत पोचल्यापोचल्या हरवते, तिथून ती सुरू होते. ए२ झालेल्यांनीही तिचा ए२चा भाग एकदा भरभर बघून मग बी१ला हात घालावा, कारण पात्रं ओळखीची झाली की भाषेकडे लक्ष द्यायला मोकळीक मिळते. त्यानंतर ‘जोजो झूख्ट दास ग्ल्युक’ घ्या, ब्राझीलहून कोलोनला आलेल्या तरुणीची मालिका. भाग लहान आहेत आणि शिकणाऱ्यांसाठीच केलेली असूनही ती मालिकेसारखी चालते.

रस्त्यावरचं खरं बोलणं ऐकायला यूट्यूबवरचं ‘ईझी जर्मन’ उत्तम. रस्त्यात थांबवून लोकांना प्रश्न विचारतात, त्यामुळे अडखळणं, वाक्य अर्धं सोडणं, ‘एम’, ‘आल्झो’ हे सगळं ऐकायला मिळतं. त्यात जर्मन आणि इंग्रजी अशा दोन ओळी व्हिडिओतच छापलेल्या असतात आणि इंग्रजी बंद करता येत नाही. मी स्क्रीनच्या खालच्या काठाला कागदाची पट्टी चिकटवायचे, इंग्रजी ओळ झाकेल एवढी. आजही मला याहून चांगला उपाय माहीत नाही.

मुलांचे कार्यक्रम कमी लेखू नका. ‘दी झेंडुंग मिट डेर माउस’ १९७१ पासून चालू आहे. एखादी वस्तू कारखान्यात कशी बनते, ते त्यात साध्या, स्वच्छ जर्मनमध्ये, टप्प्याटप्प्यानं दाखवतात. चित्र आणि वाक्य बरोबर चालतात, म्हणून नवा शब्द कोशाशिवाय कळतो. कर्मणी प्रयोग, जो बी१ला सगळ्यांना छळतो, तो इथे पावलोपावली आहे: पीठ मळलं जातं, बाटली भरली जाते. मुलांच्या बातम्यांचा ‘लोगो’ हा कार्यक्रमही असाच, साधारण दहा मिनिटांचा.

बातम्यांसाठी डॉइचे वेलेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या घ्या, सोबत संपूर्ण मजकूर असतो. मग ‘टागेसशाउ’. १९५२ पासूनची ही बातमीपत्रं रोज जर्मन वेळेनुसार रात्री आठला, पंधरा मिनिटं असतात. आपल्याकडे तेव्हा हिवाळ्यात साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी बघणं शहाणपणाचं. २०२४ पासून त्यांचं सोप्या भाषेतलं बातमीपत्रही आहे. आधी ते बघा आणि लगेच नेहमीचं बघा. तीच बातमी दोन पातळ्यांवर ऐकायला मिळते.

नर्सिंगसाठी जर्मनीला जायची तयारी करणाऱ्यांना मी ‘इन आलर फ्रॉइंटशाफ्ट’ सुचवते. लाइपझिगमधल्या काल्पनिक रुग्णालयाची ही मालिका १९९८ पासून चालू आहे. वैद्यकीय तपशिलावर विसंबू नका, पण डॉक्टर, परिचारिका, रुग्ण आणि नातेवाईक एकमेकांशी कोणत्या सुरात बोलतात, ‘झी’ कुठे आणि ‘डू’ कुठे, हे ऐकण्यासारखं आहे. जर्मन वाहिन्यांच्या संकेतस्थळांवरचं सगळंच भारतातून दिसत नाही, चित्रपट आणि मालिका बरेचदा अडतात. बातम्या आणि मुलांच्या कार्यक्रमांना अडचण कमी येते.

‘डार्क’बद्दल सगळे विचारतात. २०१७ ते २०२० मधली ही मालिका सुंदर आहे, पण तिच्यात एकाच माणसाची तीन वयं आणि चार कुटुंबं आहेत. मराठीत असती तरी कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागलं असतं. बी२ होईपर्यंत थांबा.

एक मोठा सापळा डबिंगचा. इंग्रजी मालिका जर्मन आवाजात लावून जर्मन सबटायटल दिले, तर दोन्हींचे शब्द बरेचदा जुळत नाहीत, कारण दोन्ही भाषांतरं वेगवेगळी केलेली असतात. कान एक ऐकतो, डोळा दुसरं वाचतो. या पातळीवर मुळात जर्मनमध्ये बनलेलंच बघा.

एक तुकडा, पाच फेऱ्या

हा खरा गाभा आहे. तासभर मालिका बघणं ही करमणूक झाली. ती जरूर करा, पण अभ्यास म्हणून दोन मिनिटांचा तुकडा घ्या आणि त्याचा फडशा पाडा.

पहिली फेरी: सबटायटल नाही, थांबणं नाही. नंतर मराठीत दोन ओळी लिहा, काय झालं असं वाटतं ते. चुकलं तरी हरकत नाही. हा अंदाज लिहिलेला असला की पुढे कान कुठे फसला ते दिसतं.

दुसरी फेरी: जर्मन सबटायटल लावून. कोश अजून उघडायचा नाही.

तिसरी फेरी सगळ्यात कष्टाची आणि सगळ्यात मोलाची: लिहून काढणं. सबटायटल बंद करा, एक वाक्य ऐका, थांबवा, लिहा. तीनदा ऐकूनही जे कळत नाही तिथे रिकामी जागा सोडा. मग सबटायटलशी ताडून लाल पेननं दुरुस्त करा. वरचंच वाक्य घेतलं, तर बहुतेक जण ‘इश हाब दिअर … गेझाक्ट, दास इश … श्पेटर कॉमे’ असं लिहितात. ‘डॉख’ गायब, कधी ‘हॉयटे’ गायब. दहा वाक्यं झाली की तुमच्या चुकांचा स्वभाव कळतो: कुणाचे छोटे शब्द पडतात, कुणाला ‘डेन’ आणि ‘डेम’ एकच वाटतात. जे सतत पडतं तेच पुढच्या आठवड्याचं काम. एक सूचना: वाहिन्यांचे सबटायटल कधी कधी बोलणं आखडून देतात, तेव्हा तुम्ही ऐकलेला जास्तीचा शब्द बरोबर असू शकतो.

चौथी फेरी: बोलणाऱ्याच्या मागोमाग, अर्ध्या शब्दाच्या अंतरानं, मोठ्यानं बोलायचं. वेग जमत नसेल तर यूट्यूबवर ०.७५ करा, त्याहून कमी नको, आवाज ओढल्यासारखा होतो. शब्दांपेक्षा चढउतार पकडा. फोनवर रेकॉर्ड करा आणि मूळ आवाजानंतर लगेच स्वतःचा ऐका.

पाचवी फेरी दुसऱ्या दिवशी, पुन्हा सबटायटलशिवाय. आदल्या दिवशी जो गलबला वाटत होता, तो आता स्वच्छ वाक्यांसारखा ऐकू येतो.

दोन मिनिटांच्या तुकड्याला असे चाळीसेक मिनिटं लागतात. आठवड्याला तीन तुकडे पुरे. उरलेल्या दिवशी नुसतं बघा, मजेत.

वहीत काय उतरवायचं

सुटा शब्द लिहू नका, वाक्य लिहा, आणि समोर मराठी. ‘वार्टेन’ म्हणजे ‘थांबणे’ असं लिहून उपयोग नाही. ‘इश वार्टे आउफ देन बुस’ लिहा आणि समोर ‘मी बसची वाट बघतेय’. आपण जसं वाट ‘ची’ बघतो, तसं जर्मन माणूस ‘आउफ’ वाट बघतो. क्रियापद आणि त्याचं शब्दयोगी अव्यय एकत्रच पाठ व्हायला हवं.

तुटणारी क्रियापदंही वाक्यातच लिहा. ‘इश रूफे डिश मॉर्गन नाख डेर आर्बाइट आन’, म्हणजे ‘उद्या कामानंतर मी तुला फोन करते’. हे ‘आन’ शेवटी येईपर्यंत फोन करायचा आहे हे पक्कं होत नाही. असं वाक्य ऐकताना शेवटच्या शब्दावर बोट ठेवायची सवय लावा.

लिंगाबाबत: तीन लिंगं आपल्यालाही आहेत, म्हणून कल्पना परकी नाही, पण जुळवाजुळव करू नका. ‘दास किंड’ आणि ‘ते मूल’ जुळतं, ‘दास मेडशेन’ला (मुलगी) ‘ते पोरगं’ आठवून हसू येतं, पण सूर्य जर्मनमध्ये ‘दी झॉने’, स्त्रीलिंगी. प्रत्येक नाम आर्टिकलसकट (डेर, दी, दास) ऐका आणि तसंच लिहा. एका तुकड्यातून पाच वाक्यांपेक्षा जास्त घेऊ नका. उजळणीसाठी आंकीसारखं ॲप वापरत असाल तर तिथेही हीच वाक्यं टाका.

आकडे आणि घड्याळ

बातम्यांत आकडा आला की सगळ्यांची धांदल उडते. ‘झीबनउंडफिअरत्सिश’ ऐकून इंग्रजीतून शिकलेला माणूस सात आणि चाळीस उलटे करत बसतो, तोवर बातमी पुढे जाते. तुम्ही म्हणा सत्तेचाळीस. सात आधी, चाळीस नंतर, अगदी जर्मनसारखं. ‘ड्रायउंडझेश्त्सिश’ म्हणजे त्रेसष्ट, ‘फ्युन्फउंडआख्त्सिश’ म्हणजे पंच्याऐंशी. फक्त एकोणतीस, एकोणचाळीस अशा ठिकाणी मराठी वेगळी जाते, तिथे सांभाळा. रोज एका बातमीपत्रातले सगळे आकडे मराठीत मोठ्यानं म्हणा. पंधरा दिवसांत फरक पडतो.

घड्याळात मात्र खड्डा आहे. ‘हाल्प फिअर’ म्हणजे साडेचार नव्हे, साडेतीन. चौथा तास अर्धा झाला असा तो हिशोब. पावणेचार आणि सव्वाचार सरळ आहेत, ‘फिअर्टेल फोर फिअर’ आणि ‘फिअर्टेल नाख फिअर’. पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या माणसाच्या तोंडी ‘फिअर्टेल फिअर’ आलं तर ते सव्वातीन.

गाणी

गाण्यांनी व्याकरण पक्कं होत नाही, कारण चालीसाठी शब्द मागेपुढे होतात, आपल्या भावगीतांत होतात तसेच. पण उच्चार, आणि आर्टिकलसकट नाम जिभेवर बसणं, यासाठी गाण्यासारखं साधन नाही. वर्गात दहा वेळा चुकलेलं आर्टिकल गाण्यात एकदाही चुकत नाही.

गायक निवडताना उच्चार बघा. रायनहार्ड माय यांच्यासारखे गिटारवर गाणारे गीतकार शब्द न् शब्द स्पष्ट म्हणतात. आजचं काही हवं तर गायिका नामिका. हिप-हॉप आवडत असेल तर आइन्सहोख६ हा म्युनिकचा बँड घ्या, त्यांच्यावर डॉइचे वेलेनं खास शिकणाऱ्यांसाठी मालिका केली आहे.

नेना या जर्मन बँडचं १९८३चं नव्व्याण्णव फुग्यांचं गाणं सगळ्यांना सापडतंच. त्याची इंग्रजी आवृत्ती समोर ठेवून अर्थ लावू नका, ते भाषांतर नव्हे. इंग्रजीत फुगे लाल आहेत, जर्मन शीर्षकात रंगच नाही.

गाणं घ्यायची रीत अशी: आधी दोनदा नुसतं ऐका आणि ओळखू आलेले शब्द लिहा. मग अधिकृत मजकूर मिळवा, कारण इंटरनेटवर चुकीचे उतारे पुष्कळ फिरतात. प्रत्येक कडव्याचा अर्थ मराठी गद्यात लिहा, शब्द सरळ क्रमानं लावून. हे अन्वय लावणं आपण संस्कृतच्या तासाला केलेलं आहे. मग गा. ‘ü’ आणि ‘ö’सारखे गोल ओठांचे स्वर गाताना लांबवता येतात, म्हणून तिथेच ते सुधारतात.

बोलीभाषा आणि परीक्षा

‘टाटोर्ट’ ही १९७०पासूनची रविवारची गुन्हेमालिका प्रत्येक वेळी वेगळ्या शहरात घडते. व्हिएन्नातला भाग लावून काहीच कळलं नाही तर घाबरू नका. पुण्यात मराठी शिकलेल्या माणसाला आपण पहिल्याच वर्षी मालवणी नाटकाला बसवत नाही. स्विस जर्मन तर बी१ला बाजूलाच ठेवा.

गोएथे इन्स्टिट्यूटची बी१ परीक्षा देणार असाल, तर ऐकण्याच्या चार भागांपैकी दोन एकदाच ऐकवतात आणि प्रत्येक विभागात १०० पैकी ६० गुण लागतात. पुण्या-मुंबईतल्या मॅक्स म्युलर भवनात ती देता येते. परीक्षेआधीचे तीन आठवडे पहिली फेरी वाढवा: रोज एक नवा तुकडा, एकदाच, प्रश्न आधी स्वतः लिहून. कोण बोलतंय, कुठे जायचंय, किती वाजता.

आणि पहिल्या आठवड्यात लिहून काढलेला लाल पेनचा कागद फेकू नका. तीन महिन्यांनी तोच तुकडा लावा, फोन ओट्यावर पालथा ठेवा आणि भाजी चिरता चिरता ऐका. रिकाम्या राहिलेल्या जागा आता कोणत्या भरल्या आणि कोणत्या अजून रिकाम्याच आहेत, ते त्या कागदावरच टिपून ठेवा.